भरलेली चीर

नाकमुरडे हे काही त्यांचं आडनाव नव्हतं. पण सगळं शहर त्यांना त्याच नावाने ओळखायचं, आणि नव्या माणसाला ते आडनावच वाटायचं. एकदा बँकेकडून 'श्री. नाकमुरडे यांस' असं छापील पाकीट आलं, तेव्हा त्यांनी ते दोन बोटांच्या चिमटीत धरलं आणि, अर्थातच नाक मुरडत, केराच्या डब्यात टाकलं. बायको म्हणायची, ह्यांचं नाक जन्माला येताना सरळच होतं, वापरून वापरून वाकडं झालं.

त्यांना कशाकशाची किळस यायची याची यादी करण्यापेक्षा, कशाची येत नव्हती हे विचारणं सोपं. चकचकीत पॉलिशची यायची. यंत्रातून एकाच मापाने शंभर-शंभर निघालेल्या लाकडी हत्तींची यायची. 'एवढं करायला किती तास लागले हो?' असं विचारणाऱ्यांची यायची. आणि झाडांना खिळे ठोकून जाहिरातीच्या पाट्या लावणाऱ्यांची तर भयंकर यायची. त्याला कारण होतं. रस्त्याकडेचा ओंडका कोरता कोरता पटाशी मध्येच कट्‌कन अडायची, आणि आतून कुणीतरी वीस वर्षांपूर्वी ठोकलेला, झाडाने गिळून टाकलेला खिळा निघायचा. धारेचा सत्यानाश. मग दिवसभर दगडावर पटाशी घासायची आणि त्याच्या जोडीला तोंडाचा पट्टा चालू ठेवायचा.

घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं काम चालायचं. एका भिंतीला ओंडके रचलेले, मधून हवा खेळावी म्हणून प्रत्येकाखाली फळीचे तुकडे सारलेले, दोन्ही टोकांना मेण फासलेलं आणि अंगावर खडूने तारीख. तीन वर्षं झाल्याशिवाय ते ओंडक्याला हात लावत नसत. लाकूड लांबून आणलेलं त्यांना चालायचं नाही. वादळात पडलेलं, रस्ता रुंद करताना तोडलेलं, कुणाच्या अंगणात उभं वाळलेलं. हातगाडीवरून ढकलत आणता येईल एवढ्याच अंतरावरचं. ज्या हवेत वाढलं त्याच हवेत वाळू दे आणि त्याच हवेत उभं राहू दे, असं त्यांचं म्हणणं. हत्यारं सगळी हाताची: करवत, तासायला वाकस, ठोकायला लाकडी मोगरी आणि कापडात गुंडाळलेल्या तीसएक पटाश्या. घासायचा कागद शेडमध्ये यायचा नाही. शेवटचा हातही पटाशीचाच फिरायचा आणि तिच्या खुणा तशाच राहायच्या.

इथवर माणूस हेकट असला तरी बरा वाटतो. पण त्यांचा एक कायदा होता आणि त्या कायद्यावर ते स्वतःवर असावं तेवढं प्रेम करायचे. चीर भरायची नाही. कितीही वाळवलं तरी लाकडाला केव्हातरी चीर पडतेच. कोरड्या हवेत ती उघडते, दमट हवेत मिटते. बाजारातला कारागीर काय करतो, तर बारीक भुसा सरसात कालवतो, चिरेत दाबतो, वर रंग फिरवतो. सरस म्हणजे कातडी आणि हाडं शिजवून केलेला चिकट रांधा. गरम केला की मेलेल्या जनावराचा वास येतो. नाकमुरडे म्हणायचे, ज्याला चीर झाकायची असेल त्याने लाकडात येऊ नये, भांड्यांना कल्हई करावी.

आणि या कायद्याची एक गोष्ट होती. शेडमध्ये कुणी नवीन आलं की चहाचा कप पुढे सरकवण्याआधी ते ती सांगायचे. पंधरा वर्षांपूर्वी त्यांच्याकडे त्यांची भाची शिकत होती, थोरल्या बहिणीची मुलगी. चौदाव्या वर्षी आली ती शाळा सुटली की रोज यायची; विशीत पोचली तेव्हा तिचा हात असा बसला होता की लोक दोघांच्या कामात गल्लत करायचे. तिने एक झोपलेला कुत्रा केला होता, तुतीच्या लाकडाचा. शहरातल्या मोठ्या प्रदर्शनात तो ठेवला होता. मामा बघायला गेले, कौतुकाने कुत्र्याच्या बरगड्यांवर बोट फिरवलं आणि थांबले. नखाने खरवडलं. भुसा सुटून आला. तिने चीर भरली होती. मग भरल्या हॉलमध्ये, तिच्या मैत्रिणींसमोर, तिच्या आईसमोर, ते जे बोलले ते नाकमुरडे जसंच्या तसं सांगायचे, आवाज चढवून. लबाडीला पाय फुटले की ती अशी दिसते. माझ्या शेडचा उंबरठा पुन्हा चढायचा नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिची हत्यारं पोत्यात भरून बहिणीच्या दारात टाकली. पोरीने एक शब्द काढला नव्हता. शब्द काढेल कशाला, चोरी पकडली गेली होती; असं म्हणून ते चहाचा कप पुढे सरकवायचे.

बहीण त्या दिवसापासून त्यांच्याशी बोलली नाही. एकदाच कुणाकरवी निरोप धाडला होता: कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. निरोप ऐकून नाकमुरडे म्हणाले होते, दांडा कुठल्या लाकडाचा तेही विचारून या.

आता त्यांना अडुसष्टावं लागलं होतं. अशात शहरातल्या रुग्णालयाकडून पत्र आलं. रुग्णालयाच्या बसायच्या मोठ्या दालनात 'पिळणारी' उभी होती, त्यांचं सगळ्यात नावाजलेलं काम. आवारातला जुना शिरीष पडला, त्याच्या बुंध्यातून त्यांनी ती कोरली होती. रुग्णालयाच्या धुलाईखान्यात जन्म घालवलेली बाई, पाय रोवून, ओठ दाबून चादर पिळणारी. तिच्या दंडांतला पीळ आणि चादरीचा पीळ एकाच रेषेत जात होता, आणि लाकडाच्या धाग्यांचा दोराही त्याच रेषेत. आत ज्यांचं कुणीतरी आजारी आहे असे लोक येता-जाता तिच्या कोपराला हात लावायचे, त्यामुळे कोपर काळंभोर गुळगुळीत झालं होतं. पत्रात लिहिलं होतं की पुतळ्याला गळ्यापासून मनगटापर्यंत मोठी भेग पडली आहे, संग्रहालयातून दुरुस्तीचा माणूस बोलावला आहे, तरी आपण हजर राहावं.

बायकोने पत्र वाचून दाखवलं आणि वर पाहिलं, तर नवऱ्याचं नाक जागच्या जागी होतं. चेहरा मात्र पांढराफटक पडला होता. ती काय झालं म्हणून विचारत राहिली. त्यांनी उन्हाळ्याला दोष दिला.

खरं काय ते जगात त्यांनाच ठाऊक होतं. पंधरा वर्षांपूर्वी पुतळा रुग्णालयाला द्यायचा, त्याच्या आदल्या आठवड्यात कडक कोरडी हवा सुटली आणि पिळणारीच्या दंडावर वीतभर चीर उघडली. तारीख त्यांनीच दिली होती, लाकूड माझा शब्द मोडत नाही अशी बढाईही त्यांनीच मारली होती. समारंभाच्या दिवशी पहाटे ते शेडमध्ये गेले, करवतीखालचा शिरिषाचा भुसा गोळा केला, कधीकाळी कपाटाच्या कामासाठी आणलेला सरस कोमट केला आणि ती चीर भरली. इतकी बेमालूम भरली, की बघणारा बघतच राहावा. झाकली मूठ सव्वा लाखाची. भाचीला त्यांनी हॉलमध्ये सोललं ते त्यानंतर तीन महिन्यांनी.

हा माणूस पंधरा वर्षं लोकांना ती गोष्ट सांगत होता, चहाबरोबर. सांगताना त्यांना स्वतःची चीर आठवायची का? आठवायची. म्हणून तर आवाज चढायचा.

आणि भेग का पडली हेही त्यांना पत्र ऐकताक्षणीच कळलं होतं. त्यांनी कोरड्या हवेत चीर भरली. मग दमट हवा आली, लाकूड फुगलं, चीर मिटायला गेली, तर मध्ये वाळून दगड झालेला भुसा. मिटायला जागा नाही. दर वर्षी लाकूड मिटू बघणार आणि भरलेलं ते पाचरीसारखं आडवं येणार. दर वर्षी चीर केसभर पुढे जाणार. लाकडाने काहीही केलं नव्हतं. पिळणारीला त्यांनीच फाडलं होतं, सावकाश, पंधरा वर्षं.

पुतळा दालनातून हलवून शेवटच्या टोकाला औषधांच्या रिकाम्या खोक्यांच्या खोलीत ठेवला होता. दुरुस्तीचा माणूस यायचा होता. व्यवस्थापक तेवढ्यात नाकमुरड्यांना घेऊन आत गेला. व्यवस्थापक भला माणूस, पण घाईतला. त्याच्या खिशात दोन फोन होते आणि दोन्ही वाजत होते. त्याने उभ्या उभ्या सांगितलं की लाकूडच निकामी झालं असेल तर तसं दोन जाणकारांच्या सहीने लिहून द्यावं, म्हणजे हे भंगारात काढता येईल. एक कंपनी फुकटात कारंजं बसवून द्यायला तयार आहे.

नाकमुरड्यांनी भेगेकडे पाहिलं. मधोमध, त्यांनी भरलेली वीतभर पट्टी तशीच बसली होती, भोवतालच्या लाकडापेक्षा किंचित वर आलेली, जुन्या जखमेच्या खपलीसारखी. ज्याला डोळे आहेत त्याला ती दिसणार. पुतळा भंगारात गेला की ती पट्टीही गेली.

"लाकूड गेलं," ते म्हणाले. "आतून सडलंय. काढून टाका."

चांगला शिरीष होता तो. तीन वर्षं वाळवलेला, गाभा काढलेला, पाठीतून पोकळ केलेला, हाडासारखा टणक. आपल्याच हातच्या कामाबद्दल ते हे बोलले. व्यवस्थापकाचा चेहरा खुलला. तो कागद टाइप करून आणतो म्हणाला आणि फोन कानाला लावून गेला. तो गेल्यावर नाकमुरडे तिथल्या स्टुलावर बसले. इतकी वर्षं सगळ्या जगाची यायची तीच किळस आता घशाशी आली होती, आणि थुंकायला समोर कुणी नव्हतं.

दार उघडलं आणि हातात लोखंडी पेटी घेऊन दुरुस्तीचा माणूस आत आला. ती त्यांची भाची होती.

पस्तिशीची बाई. केस आखूड कापलेले, डोळ्यांना चष्मा, अंगात कामाचा झगा. पण पेटी खाली ठेवताना तिने आधी पायाने जमिनीवरचा कचरा बाजूला सारला, आणि तो सारण्याची तऱ्हा त्यांच्याच शेडमधली होती. ती त्यांना बघून दचकली नाही. तिला माहीत होतं, पुतळा कुणाचा आहे आणि कोण येणार.

"बरे आहात ना मामा?" ती म्हणाली.

लहानपणापासून ती त्यांना 'मामा, तू' म्हणायची. अंगाखांद्यावर खेळलेलं पोर, दुसरं काय म्हणणार? आजचं हे 'आहात' त्यांना चांगलंच लागलं. बहीण कशी आहे असं काहीतरी ते पुटपुटले. आईचे गुडघे गेलेत, बाकी ठीक आहे, असं सांगत तिने दिवा लावला आणि भेगेपाशी वाकली. बराच वेळ बघितलं. बोटाने दाबून कुठे सडलंय का ते पाहिलं, टिचकी मारून आवाज ऐकला. मग तिचं बोट पट्टीवर आलं. ते वरपासून खालपर्यंत गेलं आणि तिथेच थांबलं.

"व्यवस्थापक भेटले मला जिन्यात," ती म्हणाली. "तुम्ही लाकूड सडलं म्हणून सांगितलंत?"

त्यांनी मान हलवली. हो म्हणायला हलवली की नाही म्हणायला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"हे काढलं तर दोन वर्षांत निम्मी भेग मिटेल. लाकूड उत्तम आहे."

नाकमुरड्यांनी मग तोंड उघडलं आणि जे निघालं ते ऐकवत नव्हतं. म्हणाले, काय सापडलं ते लिहू नकोस. म्हणाले, म्हातारपण आहे, शहरात नाव आहे. म्हणाले, तुझ्या मामीला कळलं तर ती काय म्हणेल? सगळं बोलून झाल्यावर म्हणाले, तू तरी कुठे धुतल्या तांदळासारखी आहेस. एवढं बोलून झाल्यावर त्यांना आपलीच जीभ तोंडात नकोशी झाली.

भाचीने दिवा विझवला. तिला ओरडायचं नव्हतं हे तिच्या आवाजावरून कळत होतं.

"हिच्या समारंभाच्या दिवशी मी सकाळी सातला आले होते शेडमध्ये. सरसाचं भांडं अजून कोमट होतं. करवतीखालचा भुसा कुणीतरी झाडून नेला होता. मग मी हिचा दंड बघितला." तिने पिळणारीच्या खांद्यावर हात ठेवला. "मला वाटलं, म्हणजे हे असं असतं होय. बोलायचं एक आणि अगदीच अडलं तर करायचं दुसरं. हेही शिकायचं असतं. तुम्ही केलंत म्हणजे बरोबरच असणार ना, मामा? म्हणून मी माझा कुत्रा भरला. तुमच्यासारखाच भरायला बघितला, पण तेवढा साधला नाही."

खोलीच्या बाहेर कुणीतरी ढकलगाडी नेत होतं, तिचं एक चाक कुरकुरत होतं. ते दूर गेल्यावर नाकमुरड्यांनी विचारलं.

"मग हॉलमध्ये बोलली का नाहीस?"

"बोलणार होते. पण तुमचा चेहरा बघितला. तुम्हाला राग आला नव्हता, तुम्ही घाबरला होतात. घाबरलेला माणूस एवढं ओरडतो, माझ्या आईसमोर माझे धिंडवडे काढतो. रागावला असतात तर भांडले असते मी. मला तुमची किळस आली."

तेवढ्यात व्यवस्थापक कागद घेऊन आला. दोन सह्यांच्या जागा, वर टाइप केलेलं: लाकूड कुजल्यामुळे पुतळा दुरुस्तीपलीकडे. त्याने पेन उघडून नाकमुरड्यांसमोर धरलं. भाची दुसरीकडे बघत पेटी उघडत होती. सांगायचं की नाही हे तिने त्यांच्यावर सोडलं होतं. निदान तेवढं तरी ते समजले.

"लाकूड सडलेलं नाही," ते म्हणाले. "मी खोटं सांगितलं. चीर मी भरली होती, पुतळा तुम्हाला देताना. त्यानेच फाटलंय. हिला मी याच गोष्टीसाठी हाकलून दिलं होतं, स्वतः करून वर तिला हाकललं. हे सगळं लिहा तुमच्या कागदावर."

पंधरा वर्षं जे दडवलं होतं ते एका दमात बाहेर पडलं. आता छत कोसळणार असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

व्यवस्थापकाने त्यांच्याकडे पाहिलं, भाचीकडे पाहिलं, मग पेनाला टोपण लावलं. "अहो, त्यात काय एवढं?" तो म्हणाला. "आमच्या भिंतींच्या भेगा दर वर्षी भरतो आम्ही. दुरुस्त होतंय ना? मग झालं तर." कारंजेवाल्यांना काय कळवायचं हीच त्याची खरी चिंता होती. वाजणारा फोन काढून तो बोलत बोलत निघून गेला.

नाकमुरड्यांना हे शिव्यांहून वाईट लागलं. शिव्या त्यांना चालल्या असत्या. पण ज्याच्यासाठी त्यांनी भाची तोडली, बहीण तोडली, रात्रंदिवस आपलं गुपित जपलं, त्याला जगाच्या लेखी भिंतीच्या भेगेत भरायच्या पुट्टीएवढी किंमत होती. त्यांनी भाचीकडे पाहिलं. तीही त्या बंद झालेल्या दाराकडेच पाहत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघवेना. तिचीही पंधरा वर्षं त्याच भावात गेली होती.

मग तिने चष्मा पुसला, कापड उलगडलं आणि आपल्या पटाश्या ओळीने मांडल्या. अरुंद तोंडाची एक निवडली. नाकमुरडे स्टुलावरून उठले आणि पुढे झाले. म्हणाले, मी भरलंय, मीच काढतो. दे इकडे.

"नको," ती म्हणाली. "तिला लागेल."

दिवा धरू का, असं त्यांनी विचारलं. भुसा झाडू का, विचारलं. आयुष्यात त्यांनी कुणाच्या हाताखाली झाडलं नव्हतं.

"बाहेर बसा तुम्ही. वेळ लागेल मला."

ते बाहेर आले. दार लागलं आणि आतून मोगरीचा आवाज सुरू झाला: दोन हलके, एक नेमका, मग थोडं थांबून पुन्हा दोन हलके. हा ठोका त्यांनीच तिला शिकवला होता. दालनात बाकांवर गर्दी होती. एका माणसाने सरकून त्यांना जागा दिली. तो बहुधा दोन-तीन दिवस तिथेच होता. मांडीवर पिशवी, दाढी वाढलेली. म्हाताऱ्याचा उतरलेला चेहरा बघून त्याने हळू आवाजात विचारलं, तुमचं कोण आहे आत?

"भाची," नाकमुरडे म्हणाले.

"कधीपासून?"

"पंधरा वर्षं झाली."

त्या माणसाने बाटलीतलं पाणी झाकणात ओतून त्यांच्यापुढे धरलं, आणि ज्या झाकणातून तो स्वतः प्यायला होता त्यातूनच नाकमुरडे ते प्याले.